सुबाभळीवरचा सायला: पिल्लापासून प्रौढापर्यंत ओळख पटवण्याची कृती

शेळ्यांसाठी सुबाभळीचा पाला तोडताना कोवळ्या शेंड्यातून कणीएवढं काहीतरी टुणकन उडतं. शेंडा हाताला चिकट लागतो, पर्णिका आकसलेल्या असतात आणि खालच्या पानांवर काळी बुरशी चढलेली दिसते. बरेच जण त्याला मावा समजतात, पण तो असतो सायला. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना सिट्रस सायला चांगला ठाऊक आहे. हा त्याचाच शेंगवर्गीय झाडांवरचा भाऊबंद, हेटेरोसायला क्युबाना. मूळचा उष्ण अमेरिकेतला. कीटकशास्त्रज्ञ क्रॉफर्ड यांनी १९१४ साली त्याला नाव दिलं. १९८४ मध्ये त्याने हवाई बेटांवरच्या सुबाभळी झोडपल्या आणि १९८८ मध्ये तो तामिळनाडूत पोचला. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने तोवर सुबाभूळ चाऱ्यासाठी गावोगावी पोचवली होती, त्यामुळे त्याला इथे खाण्याची ददात नव्हती.

सायलाची ओळख पटवताना एक गोष्ट आधी पक्की करावी. प्रौढ वाऱ्याबरोबर उडतो आणि कोणत्याही झाडावर टेकतो. पिल्लू मात्र ज्या झाडावर वाढू शकतं, तेच त्याचं खरं झाड, म्हणजे यजमान. उलट, जातींची नावं बहुतेक प्रौढांवरून ठरलेली आहेत. म्हणून दोघांची जोडी हाताशी हवी: पाचव्या अवस्थेची कात आणि त्याच कातीतून निघालेला प्रौढ. पुढची सगळी कृती या जोडीसाठी आहे.

साहित्य

१० पट मोठं दाखवणारं भिंग, पांढरी थाळी, बारीक कुंचला, झाकणाच्या छोट्या काचनळ्या, ७० टक्के अल्कोहोल, मलमलीच्या पिशव्या, दोरा, शिसपेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या. काचपट्टी बनवायची असेल तर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लवंग तेल, कॅनडा बाल्सम, हातमोजे आणि सूक्ष्मदर्शक.

कृती

१. झाड आणि वेळ निवडा. पावसाळा सरता सरता, थंडी पडू लागली की नवी पालवी असलेली सुबाभूळ शोधा. कडक उन्हाळ्यात कीड ओसरते, तेव्हा शोधून फारसं हाती लागत नाही. झाडाची खात्री नसेल तर फुलाशेंगांची डहाळी वाळवून ठेवा. झाडच चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं.

२. प्रौढ गोळा करा. शेंड्याखाली थाळी धरून फांदीवर दोन-तीन टपल्या मारा. दीड ते दोन मिलिमीटरचे, मागची बाजू वर उचलून बसणारे किडे दिसतील. ओल्या कुंचल्याने टिपून अल्कोहोलच्या नळीत टाका. जिवंतपणी दिसलेला रंग आधी लिहून घ्या, अल्कोहोलमध्ये तो उडतो.

३. शेंडा उघडून पाहा. न उमललेल्या पर्णिकांच्या घडीत पिवळसर अंडी असतात. प्रत्येक अंड्याचा बारीक देठ पानात रुतलेला असतो, म्हणून अंडी कुंचल्याने खरवडू नका, पर्णिकेसकट घ्या. शेजारी पिवळसर हिरवी, चपटी, संथ पिल्लं दिसतील. माव्याच्या पाठीमागे सहसा दोन नळ्या असतात, सायलाच्या पिल्लाला त्या नसतात. तुडतुड्याचं पिल्लू तिरकं धावतं, हे जागेवरून हलायला तयार नसतं.

४. अवस्था ओळखा. पिल्लाच्या अवस्था पाच, दर दोन अवस्थांमध्ये एकदा कात. पहिल्या अवस्थेत पंखांचा मागमूस नसतो. पुढे पंखांच्या कळ्या कातीगणिक वाढतात, पाचव्या अवस्थेत त्या ठळक आणि बाजूला पसरलेल्या दिसतात. वर्गीकरणाला मुख्यतः हीच अवस्था लागते. नुसत्या लांबीवर अवस्था ठरवू नका, उपाशी पिल्लू खुजं राहतं.

५. फांदीवरच वाढवा. तोडलेला शेंडा दोन-तीन दिवसांत सुकतो आणि पिल्लं मरतात. त्यापेक्षा एक स्वच्छ कोवळा शेंडा निवडून त्याला मलमलीची पिशवी चढवा, आत सात-आठ प्रौढ सोडा आणि तोंड दोऱ्याने आवळा. दुसऱ्या दिवशी प्रौढ काढून टाका, म्हणजे सगळी अंडी एकाच वयाची उरतील. पिशवीत ढालकिडा राहिला तर पिल्लं शिल्लक राहणार नाहीत. रोज एकदा पाहून नोंद करा. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, अंड्यापासून प्रौढापर्यंतचा फेरा हवामानानुसार १० ते २० दिवसांत पुरा होतो.

६. जोडी जुळवा. पाचव्या अवस्थेची पिल्लं दिसू लागली की प्रत्येक पिल्लू पर्णिकेसकट वेगळ्या नळीत ठेवा, तोंडाला कापूस लावा. प्रौढ निघाला की अंग टणक होऊन रंग पक्का होईपर्यंत एक दिवस थांबा. मग तो आणि त्याची कात एकाच नळीत अल्कोहोलमध्ये ठेवा. एखादं पिल्लू फुगून तपकिरी, कडक झालं तर फेकू नका. त्यात परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते, तिच्यासाठी वेगळी नळी ठेवा.

७. काचपट्टी बनवा. हातमोजे घाला, हायड्रॉक्साइड कातडी जाळतं. पिल्लू त्यात बुडवून भांडं गरम पाण्यात ठेवा, थेट ज्योतीवर नको. आतला ऐवज विरघळून अंग पारदर्शक झालं की पाण्यात दोन-तीनदा धुवा, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून काढा, लवंग तेलात ठेवा आणि बाल्सममध्ये बसवा. एक पिल्लू पाठ वर करून, दुसरं पोट वर करून ठेवा.

८. काय पाहायचं. पिल्लात मिशीचे खंड, पाठीवरच्या केसांचा आकार आणि गुदद्वाराभोवतालच्या छिद्रांचं कडं तपासा. पंखाच्या कळीचा खांदा पुढे डोळ्याच्या बाजूने गेला असेल तर ट्रायोझिडी कुळाचा संशय घ्या. प्रौढाच्या मिशा १० खंडांच्या. पुढच्या पंखात मुख्य शीर आधी दोन आणि मग त्यातली एक पुन्हा दोन अशी फुटली तर सिलिडी कूळ असण्याची शक्यता, आपला सायला त्यातच. एकाच बिंदूतून तीन शिरा निघाल्या तर ट्रायोझिडी. जातीचा निर्णय मात्र नराच्या जननांगांच्या आकारावर होतो, म्हणून निदान पाच-सहा नर जपून ठेवा.

९. चिठ्ठी आत टाका. गाव, तालुका, तारीख, झाडाचं नाव, गोळा करणाऱ्याचं नाव शिसपेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ‘पिल्लं सापडली’ की ‘फक्त प्रौढ’, हे न चुकता नोंदवा. शंका असेल तर नमुने बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे ओळखीसाठी पाठवता येतात. संदर्भासाठी आर. एन. माथुर यांचा भारतीय उपखंडातल्या सायलांवरचा १९७५ चा ग्रंथ आजही उघडावा लागतो.

पडताळा

हीच कृती शेजारच्या शिरीषावर करून पाहा. शिरीष आणि बाभळीच्या गोतावळ्यात अ‍ॅसिझिया प्रजातीचे सायला राहतात, तेव्हा तिथे वेगळीच जात हाती लागण्याची शक्यता आहे. आणि सुबाभळीवरचाच प्रौढ शिरीषाच्या पानावर दिसला, तर लगेच ‘यजमान: शिरीष’ असं लिहू नका. आधी शेंडा उघडा. आत अंडी आणि पाचव्या अवस्थेची पिल्लं नसतील, तर चिठ्ठीवर ‘फक्त प्रौढ’ एवढंच लिहा.