झणझणीत ठेच्यासोबत कोणती ऑस्ट्रेलियन वाइन?

प्रश्न : ऑस्ट्रेलियन शिराझ वऱ्हाडी जेवणासोबत जहाल का लागते? – एक वाचक, खामगाव

उत्तर : ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यातील शिराझ या लाल वाइनमध्ये मद्यार्क बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि द्राक्षाच्या सालीतून उतरणारे टॅनिन, म्हणजे जीभ कोरडी करणारे तुरट द्रव्यही भरपूर असते. मिरचीतील कॅप्सेसिनमुळे होणारी आग मद्यार्काने वाढत असल्यामुळे ठेच्यासोबत ही वाइन जहाल लागते. अशा जेवणास किंचित गोडसर, कमी मद्यार्काची रिस्लिंग ही पांढरी वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून घेणे योग्य ठरते, तर ऑस्ट्रेलियातीलच क्लेअर खोऱ्यातील आंबटसर, कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली रिस्लिंग शेगावच्या कचोरीचा तेलकटपणा जिभेवर रेंगाळू देत नाही. शिराझ कमी तिखट, भाजलेल्या मटणासाठी राखावी आणि बुलढाण्याच्या उन्हाळ्यात तीही १६ ते १८ अंशांपर्यंत थंड करावी.