लेटेक्सची गादी निवडताना : काही वैद्यकीय विचार

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. त्यांपैकी आहाराविषयी आपण डॉक्टर मंडळी रुग्णांशी पुष्कळ बोलतो. निद्रेविषयी फार तर 'झोप लागते ना?' एवढेच विचारतो. आणि ती ज्या अंथरुणावर घ्यावयाची, त्याविषयी बहुधा काहीच बोलत नाही. परिणामी हा विषय दुकानदार आणि जाहिरातदार यांच्या हाती गेला आहे.

कोरगावसारख्या गावात व्यवसाय करताना कंबरदुखीचे रुग्ण रोजच भेटतात. लावणीच्या दिवसांत ओणवे राहून केलेले काम, काजूच्या मोसमात बोंडे वेचणे, नंतरच्या पिढीत दुचाकीवरचा प्रवास आणि कार्यालयातील खुर्ची, अशी कारणे बदलत गेली. दुखणे तेच राहिले. हल्ली मात्र या रुग्णांच्या प्रश्नात एक भर पडली आहे. 'डॉक्टर, लेटेक्सची गादी घेतली तर बरे वाटेल का?' परदेशी किंवा बोटीवर नोकरीस असलेल्या मुलाने पैसे पाठवलेले असतात, आणि आईवडिलांना चांगली झोप लाभावी ही त्याची इच्छा असते. ती इच्छा सत्कारणी लागावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

लेटेक्स म्हणजे काय?

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा पांढरा चीक. हे झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने त्याचे बी इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानात नेले व तेथून ते आशियात आले. भारतात केरळ हे रबराचे माहेरघर. पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा उभ्या केल्या आहेत. झाडाच्या सालीला तिरकी खाच देऊन खाली वाटी बांधलेली असते, हे दृश्य त्या बाजूला जाणाऱ्यांनी पाहिलेच असेल.

या चिकाची गादी करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली डनलॉप पद्धती. ती १९२९ च्या सुमारास इंग्लंडमधील डनलॉप कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी सिद्ध केली. यात घट्ट केलेला चीक गंधक व इतर द्रव्ये घालून फेसाळतात, साच्यात ओततात आणि वाफेच्या उष्णतेने पक्का करतात. नंतर तो धुऊन वाळवतात. दुसरी टॅलाले पद्धती. यात साचा अर्धवट भरून निर्वाताने फेस फुगवतात, तो गोठवतात आणि मगच पक्का करतात. डनलॉप पद्धतीची गादी थोडी जड व घट्ट, तर टॅलाले पद्धतीची अधिक एकसारखी व मऊ लागते. आरोग्याच्या दृष्टीने एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे मात्र नाही.

'फळीवर झोपा' हा सल्ला

कंबर दुखणाऱ्यास कठीण फळीवर किंवा जमिनीवर झोपावयास सांगण्याची प्रथा आपल्या व्यवसायात अनेक वर्षे होती. या सल्ल्याची पारख करणारा एक महत्त्वाचा अभ्यास स्पेनमध्ये झाला व तो २००३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांपैकी काहींना कठीण, तर काहींना मध्यम घट्ट गादी देण्यात आली. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणात होणारी वेदना, उठताना होणारी वेदना आणि त्यामुळे येणारी कामातील अडचण, या तिन्ही बाबतींत अधिक आराम पडल्याचे आढळले.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. आपला कणा सरळ काठीसारखा नसतो. फळीवर उताणे निजल्यास खांदे व नितंब टेकतात आणि कंबर अधांतरी राहते. अतिशय मऊ गादीवर नितंब खोल रुततात आणि कणा झोळीसारखा वाकतो. खांदा व नितंब यांना थोडे आत जाऊ द्यावे आणि कंबरेला खालून आधार द्यावा, एवढेच गादीचे कार्य आहे. लेटेक्स लवचिक असून दाबाला लगेच प्रतिसाद देते, म्हणून हे कार्य ते चांगले करू शकते. तथापि वरील अभ्यास घट्टपणाविषयी होता, लेटेक्सविषयी नव्हता. घट्टपणा योग्य असेल तर कापसाची ताजी पिंजलेली गादीही तेच काम करते, हे विसरू नये.

आपल्या शरीराला कोणती?

कुशीवर झोपण्याची सवय असणाऱ्याने मध्यमाहून किंचित मऊ गादी घ्यावी. अन्यथा खांदा व कटिभागावर दाब येऊन हाताला मुंग्या येतात. उताणे झोपणाऱ्यास मध्यम घट्ट योग्य. पालथे झोपण्याची सवय मान व कंबर दोहोंना त्रासदायक असल्याने ती शक्यतो सोडावी. न सुटल्यास गादी घट्ट व उशी पातळ असावी. शरीराचे वजनही विचारात घ्यावे. सडपातळ व्यक्तीला जी गादी कठीण वाटते, तीच स्थूल व्यक्तीला मऊ वाटते. पतिपत्नींच्या वजनात बराच फरक असेल, तर एका पलंगावर दोन स्वतंत्र गाद्या शेजारी ठेवणे हा उत्तम मार्ग होय.

दुकानात गादी हाताने दाबून पाहणे व्यर्थ आहे. आपल्या नेहमीच्या स्थितीत तिच्यावर निदान पंधरा मिनिटे निजावे. उताणे असताना कंबरेखाली हात घालून पाहावा. तो सहज आरपार जात असेल तर गादी कठीण. मुळीच शिरत नसेल तर ती फार मऊ. कुशीवर असताना सोबतच्या व्यक्तीने पाठीमागून पाहावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा साधारण सरळ दिसली पाहिजे. यात संकोच बाळगू नये.

खरे लेटेक्स ओळखावे कसे?

बाजारात 'लेटेक्स' हा शब्द सैलपणे वापरला जातो. काथ्याच्या तंतूंवर रबराचा चीक फवारून केलेली गादी ही काथ्याचीच गादी होय. साध्या फोमवर इंचभर लेटेक्सचा थर दिलेली गादीही याच नावाने विकली जाते. म्हणून कोणता थर किती इंच, हे पावतीवर लिहून घ्यावे आणि खोळीची चेन उघडून दाखवावयास सांगावे.

वजनाची कसोटी सोपी आहे. सहा फूट लांब, पाच फूट रुंद व सहा इंच जाड गादीचे आकारमान सुमारे ०.४२ घनमीटर भरते. लेटेक्सची घनता घनमीटरला ७० ते ८० किलो धरल्यास अशी गादी ३० ते ३४ किलो भरावी. ३२ किलो घनतेच्या फोमची तेवढीच गादी जेमतेम १४ किलोची होते. एकट्याने सहज उचलून नेता येणारी दुहेरी गादी संपूर्ण लेटेक्सची नसते, एवढे यावरून निश्चित समजावे. नैसर्गिक आणि कृत्रिम लेटेक्सचे मिश्रण मात्र वजनावरून ओळखता येत नाही. तेथे प्रमाणपत्रच पाहावे लागते. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द छापलेला असणे म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञाची शिफारस असणे नव्हे.

आपले हवामान

आपल्या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलसर असते. लेटेक्सची गादी पावसाळ्यात थेट जमिनीवर किंवा सलग फळीवर ठेवल्यास खालच्या अंगाला घामाची वाफ साचून बुरशी धरते. पलंगाला पट्ट्या असाव्यात किंवा फळीला भोके पाडून घ्यावीत. आठवड्यातून एकदा गादी कडेवर उभी करून वारा लागू द्यावा.

पावसाळा सरला की गाद्या-उश्या अंगणात उन्हात टाकण्याची आपली रीत आहे. कापसाच्या गादीला ती हितकारक. लेटेक्सला मात्र घातक. उन्हाने रबर कडक होऊन त्याचा भुगा पडतो. ही गादी सावलीतच वाळवावी. तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरणही कायमचे ठेवू नये. सुती खोळ घालून ती वरचेवर धुवावी.

'लेटेक्समध्ये धुळीतले कीटक होत नाहीत, म्हणून दम्याच्या रुग्णास ती उत्तम' असेही सांगितले जाते. डस्ट माइट्स नावाचे हे सूक्ष्म जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर आणि हवेतील ओलाव्यावर जगतात. दोन्ही गोष्टी कोणत्याही अंथरुणात असतात. चादरी व खोळी दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुणे, हा उपाय कोणत्याही गादीच्या बाबतीत आवश्यकच राहतो.

लेटेक्सची ॲलर्जी

हा भाग विशेषतः माझ्या व्यवसायबंधूंसाठी व परिचारिका भगिनींसाठी. रबराच्या चिकातील प्रथिनांची तीव्र ॲलर्जी काही व्यक्तींना होते. एड्सच्या प्रादुर्भावानंतर रबरी हातमोज्यांचा वापर जगभर वाढला आणि आरोग्यसेवकांत या ॲलर्जीचे प्रमाणही वाढले. मोज्यांतील पावडरीबरोबर ही प्रथिने हवेत पसरत. अमेरिकेत पावडरयुक्त वैद्यकीय मोज्यांवरील बंदी जानेवारी २०१७ मध्ये अमलात आली, ती याच व इतर धोक्यांमुळे.

धुऊन पक्क्या केलेल्या व खोळीने झाकलेल्या गादीमुळे असा त्रास होण्याचा संभव कमी असतो. तरीही फुगा फुगवताना ओठ सुजणे, रबरी मोज्याने अंगावर गांधी उठणे किंवा शिंका-धाप लागणे असा पूर्वेतिहास असेल, तर ही गादी घेऊ नये. केळे, पपई, ॲव्होकॅडो किंवा किवी खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटणाऱ्यांतील काहींना लेटेक्सचीही ॲलर्जी असते. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असल्याने वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत तिचे प्रमाण बरेच असते. गादीविषयी सल्ला देण्यापूर्वी हे प्रश्न विचारण्यास एक मिनिट पुरते.

गादीने जे होत नाही

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माझ्याकडे एक पंचविशीतला तरुण आला होता. वर्षभरात त्याने दोन गाद्या बदलल्या होत्या व तिसरी, लेटेक्सची, घेण्याच्या विचारात होता. पहाटे चारच्या सुमारास कंबरदुखीने जाग येई, उठल्यावर तासभर पाठ ताठलेली राही आणि चालू लागल्यावर मोकळी होई. विश्रांतीने वाढणारी व हालचालीने कमी होणारी ही वेदना गादीची नव्हे, सांध्यांच्या दाहाची असते. पुढील तपासणीत त्याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असल्याचे निष्पन्न झाले. हा विकार लवकर ओळखला तर कणा वाकणे पुष्कळ अंशी टाळता येते. त्याने तिसऱ्या गादीवर आणखी वर्ष घालवले असते, तर तेवढा काळ हातचा गेला असता.

म्हणून कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, कोणत्याही कुशीवर न थांबणारी रात्रीची वेदना, पायात अशक्तपणा, लघवी अडणे किंवा जांघेच्या भागात बधिरता यांपैकी काहीही असेल, तर गादीच्या दुकानात जाण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. मणक्याचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो. लघवी अडली असेल किंवा पाय लुळे पडत असतील, तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी पोहोचावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे व दिवसा पेंग येणे ही लक्षणेही उंची गादीने जात नाहीत.

घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध असल्यास लेटेक्सने दाब थोडा कमी होतो. पण शय्याव्रण टाळण्यासाठी त्यांची कूस दर दोन-तीन तासांनी बदलणे अपरिहार्य आहे. हवेची आलटून-पालटून फुगणारी गादी त्यांना अनेकदा अधिक उपयोगी पडते. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या मऊ गादीवर कधीही निजवू नये. त्याच्यासाठी सपाट व घट्ट अंथरूण, उताणी स्थिती आणि उशीरहित जागा हेच सुरक्षित.

सारांश, आपली गादी मध्यभागी खचली असेल, घरी सकाळी पाठ दुखते पण पाहुणे म्हणून गेलो असता दुखत नाही असा अनुभव असेल, आणि वर सांगितलेली लक्षणे नसतील, तर नवीन गादीचा विचार अवश्य करावा. ऐपत असेल, ॲलर्जी नसेल आणि दुकानात पंधरा मिनिटे निजून पाहिले असेल, तर लेटेक्सची मध्यम घट्ट गादी अनेक वर्षे सेवा देते. ऐपत नसेल तर कर्ज काढू नये. जुनी कापसाची गादी पिंजून पुन्हा भरून घ्यावी. आणि आपण डॉक्टरांनी कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला 'वेदना विश्रांतीने वाढते की हालचालीने?' हा एक प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा, एवढी नम्र विनंती.

सर्व वाचकांना निरामय निद्रा लाभो, ही सदिच्छा.