गाडीच्या आऱ्यापासून स्वयंपाकघरातील सुरी



उसाची वाहतूक ट्रॅक्टरवर गेली आणि लाकडी चाकाच्या बैलगाड्या खळ्यात पडून राहिल्या. त्यांचे आरे आता चुलीत जातात. हे आरे बहुधा बाभळीचे आणि वर्षानुवर्षे वाळलेले. असे पक्के लाकूड पैसे देऊनही मिळत नाही. त्याची सुरी करून पाहा.

लाकूड : वाळलेल्या बाभळीचे वजन घनमीटरला सुमारे 800 किलो, सागाचे 650 च्या आसपास. जड लाकडात पोकळी कमी, म्हणून कड टिकते. तुकडा गाठ व चीर नसलेला, सरळ रेषेचा घ्यावा. रंग लागलेला किंवा वंगण मुरलेला भाग टाकून द्यावा. कण्हेरीचे लाकूड विषारी. ते मुळीच वापरू नये. सातपुड्याच्या जंगलातून यासाठी लाकूड तोडून आणू नये.

कृती : (1) 25 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, दीड सेंमी जाड तुकडा कापावा. रेषा लांबीच्या दिशेने हवी. आडवी आली की पाते मोडलेच समजा.
(2) पेन्सिलीने आकार काढून मूठ जाड ठेवावी. पात्याची पाठ 5 मिमी ठेवून दोन्ही बाजूंनी रंधा व कानशीने उतार द्यावा. कड 1 मिमीपेक्षा पातळ करू नये, नाहीतर टवके उडतात.
(3) जाड, मग बारीक काचपेपर मारावा. ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासावेत.
(4) खाण्याचे कच्चे जवस तेल पातळ लावून जादा पुसावे. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन हात द्यावेत. रंगाच्या दुकानातले तेल नको. तेलाचे फडके गोळा करून ठेवू नये, आपोआप पेट घेते, पसरून वाळवावे.

उपयोग : पिकलेली केळी, पपई, उकडलेला बटाटा, वड्या, ढोकळा. नॉनस्टिक भांड्याला ओरखडा पडत नाही. कांदा व मांस यांना लोखंडच बरे. सुरी पाण्यात भिजत टाकू नये. धुऊन लगेच पुसावी.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली लाकूड रसायनात उकळून, उष्णता देऊन दाबले. ते 23 पट कठीण झाले आणि त्याची सुरी जेवणाच्या स्टीलच्या सुरीपेक्षा जवळजवळ तिप्पट तीक्ष्ण निघाली. घरी हे जमणार नाही, पण तत्त्व तेच : पोकळी कमी, तेवढे लाकूड पक्के.

शेवटी महत्त्वाचे. हाच नियम कोयत्याच्या मुठीला लागू आहे. ओल्या लाकडाची मूठ वाळली की आकसते, पाते सैल होते आणि तोडणीत निसटून तोडणी कामगाराच्या हातापायावर येते. म्हणून चांगला आरा निघाला तर आधी मुठीचा तुकडा काढून ठेवा, उरलेल्याची सुरी करा. हंगामापूर्वी प्रत्येक कोयत्याची मूठ हलवून पाहा.

— ऊस विकास अधिकारी