निकालाची वाट पाहताना



दहावीचा शेवटचा पेपर झाला की दोन-चार दिवस मोकळे वाटते. मग मनात एकच प्रश्न घर करून बसतो : निकाल काय लागेल? २०२५ साली लेखी परीक्षा १७ मार्चला संपली व निकाल १३ मे रोजी जाहीर झाला. म्हणजे तब्बल ५७ दिवसांची प्रतीक्षा! एवढे दिवस धडधडत्या छातीने, अर्धपोटी व अर्धवट झोपेत काढणे कोणालाच परवडणारे नाही.

काळजी वाटणे हा दुबळेपणा नव्हे. संकटाची चाहूल लागताच शरीर झुंजायला सज्ज होते. हृदय जलद चालते, स्नायू ताठतात. परीक्षेच्या काळात ही सज्जता उपयोगी पडली. आता उत्तरपत्रिका हातून सुटली आहे. झुंजायला समोर पेपर नाही. तेव्हा त्या शक्तीला दुसरे काम देणे हाच उपाय होय.

त्यासाठी एक कागद घ्या व मधोमध रेघ ओढा. डावीकडे आपल्या हाती नसलेल्या गोष्टी लिहा : तपासणी, गुण, निकालाची तारीख. उजवीकडे हाती असलेल्या लिहा : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीसाठी बँकेचे खाते. डावी बाजू मिटून ठेवा, उजवीकडचे रोज एक काम उरका. सुटलेल्या पेपरातील उत्तरे पुन्हा ताडून पाहू नका. त्याने एकही गुण वाढत नाही. झोपेची वेळ ठरलेली ठेवा. छाती भरून आली तर श्वास सावकाश घ्या व त्याहून सावकाश सोडा.

दुसऱ्या कागदावर दोन वाटा लिहा. गुण मनासारखे मिळाले तर काय करायचे आणि कमी मिळाले तर काय? आय.टी.आय. आहे, तंत्रनिकेतन आहे, अकरावीच्या तीन शाखा आहेत. एक-दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.ची सवलत आहे. पुरवणी परीक्षा आहे. २०२५ मध्ये ती जून-जुलैतच झाली. गुणांविषयी शंका असल्यास गुणपडताळणीचा अर्ज करता येतो. वाट माहीत असली की अंधाराची भीती निम्मी होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या २८२ गुणांत पुढच्या विद्वत्तेची मोजदाद कोठे होती? गुणपत्रिका एका परीक्षेपुरते सांगते, माणसाविषयी नव्हे.

पालकांनाही विनंती आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. 'काहीही निकाल लागो, घर तुझेच आहे,' हे वाक्य निकालाच्या आधी बोला; नंतर बोललेले सांत्वन ठरते, आधी बोललेले आधार ठरते. मूल अबोल झाले, जेवण टाळू लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच्याशी बोला व त्वरित डॉक्टरांची मदत घ्या. शासनाची १४४१६ ही 'टेली-मानस' सेवा विनामूल्य असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

मित्रांनो, निकाल ठरल्या दिवशी येईलच. तो येईल तेव्हा आपण थकलेले असावे की तयार, एवढे मात्र आपल्या हाती आहे.