जुना आय७ की नंतरचा आय५? दुकानासाठी सेकंडहँड पीसी घेताना ३७७० आणि ६५०० ची तुलना

सेकंडहँड पीसीच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे: "सर, आय७ स्वस्तात मिळतोय आणि आय५ महाग सांगतायत. दुकानदार चुकतोय का?" नाही, तो चुकत नाहीये. का नाही, ते आज नीट समजून घेऊ. व्हिडिओत घाईघाईत सांगितलेले आकडे इथे सावकाश वाचता येतील. वही-पेन घेऊन बसा.

एका ताईंचं उदाहरण घेऊ. बचत गटातून ४०,००० रुपये उचललेत. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि थोडं डीटीपी असं छोटं दुकान टाकायचंय. प्रिंटर, फर्निचर, इन्व्हर्टर धरून पीसीच्या डब्यासाठी दहा-बारा हजारच उरतात. समोर दोन डबे आहेत. एकात आय७-३७७०, समजा ९,५०० रुपयांना. दुसऱ्यात आय५-६५००, समजा ११,५०० ला. भाव गावागणिक बदलतात. लॅमिंग्टन रोडचा वेगळा, तपकीर गल्लीचा वेगळा, तालुक्याच्या गावचा तर फारच वेगळा. म्हणून माझे आकडे पाठ करू नका, हिशेबाची पद्धत घ्या. हप्ता मात्र दर महिन्याला जाणार आहे, डबा चालू असो वा बंद.

नाव कसं वाचायचं

३७७० मधला पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. ६५०० मधला ६, म्हणजे सहावी. आय५, आय७ हा त्या-त्या पिढीच्या आतला दर्जा आहे. तिसरीत पहिला आलेला मुलगा आणि सहावीतला मधल्या बाकावरचा मुलगा यांना एकच गणिताचा पेपर दिला तर काय होईल? इथे फरक तेवढा मोठा नाही, पण "आय७ म्हणजे भारीच" हे डोक्यातून काढायला एवढं पुरे.

आता कागदावरची माहिती. आय७-३७७० बाजारात आला २०१२ मध्ये. चार कोअर, आठ थ्रेड, वेग ३.४ गिगाहर्ट्झ आणि गरज पडली की ३.९ पर्यंत. कॅश ८ एमबी, रॅम डीडीआर३, टीडीपी ७७ वॅट. आय५-६५०० आला २०१५ मध्ये. कोअर चारच, थ्रेडही चारच. वेग ३.२ ते ३.६, कॅश ६ एमबी, रॅम बहुतेक मशीनमध्ये डीडीआर४, टीडीपी ६५ वॅट.

हे वाचून कोणीही म्हणेल की आय७ पुढे आहे. थ्रेड दुप्पट, गिगाहर्ट्झ जास्त, कॅश जास्त. मग गडबड कुठे आहे?

गिगाहर्ट्झ म्हणजे कारागिराचा हात एका सेकंदात किती वेळा फिरतो ते. एका फेरीत किती काम उरकतं, ते त्यात दिसत नाही. सहाव्या पिढीचा कोअर एका फेरीत तिसऱ्या पिढीपेक्षा जास्त काम उरकतो. त्यामुळे ३.६ वाला ३.९ वाल्याच्या बरोबरीने चालतो, बऱ्याच कामांत थोडा पुढेच जातो. आणि थ्रेडचं म्हणाल तर आठ थ्रेड म्हणजे आठ कारागीर नव्हेत. कारागीर चारच आहेत, फक्त प्रत्येकासमोर दोन ताटं ठेवलीत. एका ताटातलं पीठ भिजेपर्यंत तो दुसऱ्या ताटातलं लाटून घेतो. काम त्या पद्धतीने वाटता आलं तर वीस-तीस टक्के फायदा होतो. दुप्पट कधीच होत नाही.

पासमार्कसारख्या चाचणीत हेच दिसतं. सगळे कोअर जुंपले की ३७७० चा गुणांक सहा हजारांच्या वर जातो आणि ६५०० चा साडेपाच हजारांच्या थोडा वर राहतो. म्हणजे एकूण ताकदीत आय७ खरोखर पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. एका कोअरच्या कामात मात्र त्याची ती आघाडी उरत नाही.

तुमच्या दुकानात काम कुठलं आहे?

सरकारी पोर्टल उघडणं, फॉर्म भरणं, स्कॅन करणं, पीडीएफची साइज कमी करणं, टॅलीत नोंदी, कोरलमध्ये लग्नपत्रिका. यातलं बहुतेक काम एक-दोन कोअरवर चालतं आणि बराच वेळ तर कॉम्प्युटर सर्व्हरची किंवा तुमच्या बोटांची वाट बघत बसलेला असतो. इथे दोन्ही प्रोसेसर डोळ्यांना सारखेच वाटतील. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तर नक्कीच कळणार नाही.

व्हिडिओचं काम असेल तर चित्र बदलतं. लग्नाचं शूटिंग एडिट करून एक्स्पोर्ट करताना सगळे थ्रेड कामाला लागतात, म्हणून काही जण ३७७० कडे वळतात. पण हल्लीचे बरेच मोबाइल एचईव्हीसी प्रकारात शूट करतात. ६५०० मधल्या एचडी ५३० ग्राफिक्समध्ये साधा, म्हणजे ८-बिट एचईव्हीसी व्हिडिओ उलगडायची स्वतंत्र सोय आहे. ३७७० च्या एचडी ४००० मध्ये ती नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. शिवाय ३७७० ला एव्हीएक्स२ हा सूचनासंच येत नाही आणि काही नवी सॉफ्टवेअर तो मागतात. प्रीमियर प्रोने तर इंटेलची सहावी पिढी हीच किमान अट ठेवलेली आहे. आठ थ्रेडच्या मोहापायी घेतलेल्या मशीनवर नेमकं हवं ते सॉफ्टवेअरच चाललं नाही, तर काय करणार?

प्रोसेसर एकटा येत नाही

खरा फरक इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड, रॅम आणि डिस्क जोडायची सोय या तिन्ही गोष्टी येतात. ३७७० च्या बोर्डवर जलद साटा पोर्ट बहुधा एक-दोनच असतात, एसएसडी त्यालाच जोडायची. एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करणं त्या काळच्या बोर्डवर सरळपणे होत नाही. ६५०० च्या बऱ्याच बोर्डवर एम.२ ची खाच असते, पण सगळ्यांवर नाही. डबा उघडून बघा. रॅमचं म्हणाल तर डीडीआर४ ची पट्टी उद्या आठव्या-नवव्या पिढीच्या मशीनमध्ये हलवता येते. डीडीआर३ ची पट्टी तिथे बसणारच नाही. ६५०० च्या काही बोर्डवर डीडीआर३एल असते, तेव्हा तेही विचारून घ्या.

आणि एसएसडी नसलेला डबा कुठल्याही भावाला घेऊ नका. घेतलाच तर एसएसडीचे पैसे त्याच भावात मिळवून तुलना करा. हार्डडिस्कवरच्या आय७ पेक्षा एसएसडीवरचा आय५ रोजच्या कामात कधीही बरा, आणि याबाबत माझ्या मनात अजिबात शंका नाही.

विंडोजचा खोडा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० अशी आहे. म्हणजे आपले दोन्ही उमेदवार बाद! जुगाड करून विंडोज ११ चढवता येतं, विकणारा चढवूनही देईल. पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही. तुमच्या मशीनवर लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, सातबारे पडलेले असणार. तिथे मी हा धोका पत्करणार नाही. लिनक्सचा रस्ता आहे आणि दोन्ही मशीनवर तो छान चालतो. फक्त बायोमेट्रिक यंत्र आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळतो का, ते आधी तपासा.

आता पैशांकडे येऊ. बीबीएला असताना घसाऱ्याचं गणित कंटाळवाणं वाटायचं, पण दुकानात रोज तेच लागतं. डब्याची किंमत भागिले तो किती महिने उपयोगी पडेल, एवढंच. वरच्या दोन्ही मशीनना दोन वर्षं धरू. ९,५०० भागिले २४ म्हणजे महिन्याला साधारण ३९६ रुपये. ११,५०० भागिले २४ म्हणजे ४७९. फरक ८३ रुपयांचा.

विजेचा फरकही बघू. टीडीपीतला फरक १२ वॅट. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३,००० तास. त्याचे झाले ३६ युनिट. दर १२ रुपये धरला तर वर्षाला ४३२, महिन्याला ३६. तोही मशीन सतत पूर्ण ताकदीने चाललं तरच. प्रत्यक्षात फरक याहून बराच कमी पडतो. म्हणजे "नवा प्रोसेसर विजेतच पैसे वसूल करतो" ही थाप आहे, भुलू नका.

आता तिसरा डबा टेबलावर ठेवा. आठव्या पिढीचा आय५-८५००, २०१८ चा, सहा कोअर, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, विंडोज ११ च्या यादीत बसणारा. समजा तो १६,००० ला मिळतोय आणि चार वर्षं धकतोय. १६,००० भागिले ४८ म्हणजे ३३३ रुपये. सगळ्यात महाग दिसणारा डबा महिन्याच्या हिशेबात सगळ्यात स्वस्त निघाला. पण हे चार वर्षं धरली म्हणून. तीनच धरली तर ४४४ पडतात, म्हणजे ६५०० पेक्षा थोडा कमी आणि ३७७० पेक्षा जास्त. तुमच्या गावचे भाव टाकून स्वतः भागाकार करा.

"६५०० घेऊन ठेवतो आणि नंतर त्यातच ८५०० बसवतो" असा विचार असेल तर थांबा. सॉकेटचं नाव दोन्हीकडे एलजीए ११५१ च आहे, पण सहाव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. बरेच जण इथे फसतात.

नावामागचं अक्षरही वाचा. आय५-६५००टी हा वेगळा प्रोसेसर आहे. ३५ वॅट, वेग २.५ ते ३.१. छोट्या डब्यांत तोच असतो आणि जाहिरातीत "टी" गाळलेला असतो. ३७७० चेही एस आणि टी प्रकार आहेत. डब्यावरच्या स्टिकरवर तर विश्वासच नको, आय७ चं स्टिकर सुटं विकत मिळतं. मशीन चालू करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू बघा. खऱ्या ३७७० ला कोअर ४ आणि लॉजिकल प्रोसेसर ८ दिसतील, ६५०० ला दोन्हीकडे ४. पेन ड्राइव्हवर सीपीयू-झेड नेलंत तर रॅमचा प्रकारही तिथेच कळेल.

मग ताईंनी काय करावं? ओढाताण करून आठव्या पिढीपर्यंत पोचता येत असेल, तर या दोघांचा नाद सोडावा. नाहीच जमलं तर माझं मत ६५०० ला, ८ जीबी डीडीआर४ आणि एसएसडीसह, पण फरक दोन हजारांच्या आत असेल तरच. त्याहून जास्त मागितले तर ३७७० घ्या, त्यात एसएसडी टाका आणि वाचलेले पैसे प्रिंटरच्या टोनरसाठी ठेवा. फॉर्म भरायला तोही कमी पडणार नाही. फक्त लिनक्सवर तुमचं काम भागतंय का, ते पैसे देण्याआधी बघा. बिल आणि निदान तीन महिन्यांची लेखी वॉरंटी घ्या आणि डबा तिथेच अर्धा तास चालवून बघा. पंखा ओरडतोय का, यूएसबी पोर्ट सगळे चालतात का, तुमचा स्कॅनर जोडला की ओळखतो का. स्कॅनर घरून घेऊन जायचा, दुकानदाराच्या स्कॅनरवर तपासून उपयोग नाही.