मेदयुक्त यकृत आणि कर्करोगावरील प्रतिकार-उपचार : नव्या संशोधनाचा बोध

कर्करोगावरील उपचार म्हटले की शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार हे तीन मार्ग आपल्या डोळ्यांसमोर येतात. गेल्या दीड दशकात त्यांत चौथ्या मार्गाची भर पडली आहे. रुग्णाच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला जागृत करून तिच्याकरवी कर्करोगाचा बीमोड करणे, हे या उपचाराचे तत्त्व होय. त्यास इम्युनोथेरपी असे नाव आहे आणि शहरांतील मोठ्या रुग्णालयांमुळे हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. हा उपचार अत्यंत खर्चाचा आहे. घरातील कर्त्या माणसाला यकृताचा कर्करोग झाला असता जमीनजुमला गहाण टाकूनही तो करण्यास कुटुंबे सिद्ध होतात. अशा वेळी या उपचाराचा गुण कोणाला येतो, कोणाला येत नाही आणि का येत नाही, हे समजून घेण्याची गरज केवळ डॉक्टरांपुरती राहत नाही.

यकृताच्या बाबतीत अलीकडील संशोधनाने एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली आहे. गाठ कोणत्या अवयवात आहे एवढेच पाहून भागत नाही. तो अवयव मुळात कशामुळे बिघडला होता, हेही पाहावे लागते. विषाणूमुळे बिघडलेले यकृत आणि मेद साचून बिघडलेले यकृत यांत एकाच औषधाचा परिणाम वेगवेगळा होऊ शकतो. या संशोधनाचा अर्थ काय आणि त्यापासून आपण कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेदयुक्त यकृत म्हणजे काय

यकृत हा पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असलेला सुमारे दीड किलो वजनाचा अवयव आहे. अन्नरसावर प्रक्रिया करणे, साखरेचा साठा करणे, पित्त तयार करणे आणि रक्तातील विषारी द्रव्ये निकामी करणे ही त्याची मुख्य कामे होत. निरोगी यकृतात मेद अगदी थोडा असतो. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक भाग मेदाने व्यापला, म्हणजे त्यास मेदयुक्त यकृत किंवा दवाखान्यातील भाषेत फॅटी लिव्हर म्हणतात.

मद्यपानाने असे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मद्याच्या थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाच्या यकृतात मेद साचतो. मधुमेह, लठ्ठपणा, पोटाचा वाढता घेर आणि रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण ही त्याची कारणे आहेत. २०२३ साली जगातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी या विकाराचे जुने नाव बदलून चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव दिले, त्यामागे हेच कारण आहे.

नुसता मेद साचणे ही पहिली पायरी होय. काही जणांच्या यकृतात पुढे दाह सुरू होतो. दाहाने पेशी मरतात, त्यांच्या जागी चट्टे पडतात आणि चट्टे वाढत जाऊन यकृत कठीण व गाठाळ होते. या अवस्थेस सिरॉसिस म्हणतात. सिरॉसिस झालेल्या यकृतात कर्करोगाचा धोका मोठा असतो. मेदयुक्त यकृतात तर क्वचित सिरॉसिस होण्यापूर्वीच कर्करोग उद्भवतो. हा प्रवास बहुधा अनेक वर्षांचा असतो आणि त्यातील बराच काळ रुग्णाला काहीही त्रास जाणवत नाही. या विकाराची खरी भीती या मौनातच आहे.

संरक्षक पेशी आणि त्यांचा लगाम

आपल्या रक्तातील श्वेतपेशींत टी-पेशी नावाचा एक वर्ग आहे. रोगजंतूंनी ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांचा नाश करणे हे त्यांतील मारक टी-पेशींचे काम. परंतु हे दल बेफाम झाले तर ते स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडेल. म्हणून निसर्गाने त्याला लगाम लावून ठेवले आहेत. असा एक लगाम, पीडी-१ नावाचे प्रथिन, जपानमधील क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर काम केले. कर्करोगाच्या पेशी याच लगामांचा गैरफायदा घेऊन बचावतात. औषधाने लगाम सैल केला तर टी-पेशी पुन्हा कामाला लागतात, हे सिद्ध झाले आणि २०१८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघा शास्त्रज्ञांना देण्यात आले.

यकृताच्या कर्करोगातही या उपचाराने पुढचे पाऊल टाकले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५०१ रुग्णांचा समावेश होता. काहींना ॲटेझोलिझुमॅब व बेव्हॅसिझुमॅब ही औषधे एकत्र देण्यात आली, तर काहींना सोराफेनिब हे तोवर प्रचलित असलेले औषध देण्यात आले. एका वर्षानंतर पहिल्या गटातील ६७.२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५४.६ टक्के रुग्ण हयात होते. ज्या रोगावर वर्षानुवर्षे फारसा उपाय नव्हता, त्यात हा लाभ निश्चितच मोठा होता.

हायडेलबर्ग येथील संशोधन

मार्च २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील कर्करोग संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ मथियास हायकेनवाल्डर व त्यांचे अनेक देशांतील सहकारी यांनी तो केला होता. विशिष्ट आहार देऊन त्यांनी उंदरांच्या यकृतात मेद, दाह आणि पुढे कर्करोग निर्माण होऊ दिला. नंतर पीडी-१ चा लगाम सैल करणारे औषध दिले. गाठी आकसतील अशी अपेक्षा होती. त्या आकसल्या नाहीत. कर्करोग होण्यापूर्वीच हे औषध दिले, तेव्हा तर गाठींचे प्रमाण उलट वाढले.

याचे कारण शोधता असे दिसले की, मेदाने दाहग्रस्त झालेल्या यकृतात मारक टी-पेशींची संख्या कमी नव्हती. ती भरपूर होती. परंतु दीर्घकाळच्या दाहाने त्या थकलेल्या व बिघडलेल्या होत्या. कर्करोगाच्या पेशी टिपण्याऐवजी त्या यकृताच्या निरोगी पेशींनाच इजा करीत होत्या. लगाम सुटताच ही इजा वाढली. कुंपणानेच शेत खावे, असा हा प्रकार झाला. याच धर्तीच्या टी-पेशी मेदजन्य दाह असलेल्या माणसांच्या यकृतातही आढळल्या.

त्यानंतर या संशोधकांनी यकृताच्या कर्करोगावरील तीन मोठ्या चाचण्यांतील १६०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंमुळे ज्यांना कर्करोग झाला होता, त्यांना प्रतिकार-उपचाराने अधिक आयुष्य लाभले. ज्यांच्या कर्करोगाचे कारण विषाणू नव्हते, त्यांच्यात असा स्पष्ट लाभ दिसला नाही.

निष्कर्ष कसा वाचावा

अशा संशोधनाची बातमी वाचून ‘फॅटी लिव्हर असलेल्याला इम्युनोथेरपी देऊच नये’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पहिली गोष्ट अशी की, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. दुसरी गोष्ट, ‘विषाणू नसलेले’ या गटात केवळ मेदयुक्त यकृताचे रुग्ण नसतात; मद्यपानामुळे रोग झालेलेही त्यातच मोजले जातात. तिसरी गोष्ट, संपूर्ण चाचणीतून एक गट मागाहून वेगळा काढून पाहिले असता मिळणारे उत्तर हे सूचक असते, अंतिम नसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिमालया’ नावाच्या चाचणीत दोन प्रतिकार-औषधे एकत्र वापरण्यात आली. तीत विषाणू नसलेल्या रुग्णांच्या गटातही लाभ दिसून आला. म्हणजे प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सुटला आहे तो एवढाच : यकृताच्या कर्करोगाचे सर्व रुग्ण एकाच मापाने मोजता येत नाहीत.

एका अवयवाचा अनुभव दुसऱ्याला लावणेही तितकेच धोक्याचे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब इतर गोळ्यांच्या जोडीला दिले असता, एका वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या आपल्या देशाला हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु तो यकृताच्या कर्करोगास आपोआप लागू होत नाही.

म्हणून यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी उपचारापूर्वी तज्ज्ञांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. या कर्करोगाचे मूळ कारण कोणते? यकृताची उरलेली शक्ती किती? या औषधाने किती आयुष्य वाढण्याची अपेक्षा आहे? आणि दुष्परिणाम झाल्यास कोठे व किती लवकर पोचावे लागेल? प्रतिकार-उपचारात आतडे, फुप्फुसे, थायरॉईड ग्रंथी व यकृत यांना दाह होऊ शकतो. जुलाब, धाप किंवा कावीळ दिसताच रुग्णालयास कळविणे अगत्याचे असते.

सडपातळ माणसालाही धोका

मेदयुक्त यकृत हा शहरातील लठ्ठ व सुखवस्तू लोकांचा विकार, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती बरोबर नाही. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात १९११ व्यक्तींची तपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ८.७ टक्के लोकांच्या यकृतात मेद आढळला आणि अशा लोकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लठ्ठ नव्हते.

याचा उलगडा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्यातून होतो. भारतीयांचे वजन बेताचे दिसले तरी शरीरातील मेदाचे प्रमाण अधिक असते, असे त्यांनी दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे व त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. काट्यावरील आकड्यावर विसंबून राहू नये, कमरेचा घेर व रक्तातील साखरही पाहावी, हा त्याचा अर्थ होय.

आपल्या हाती काय आहे

कर्करोग झाल्यानंतरच्या उपचारांत अनिश्चितता असली तरी त्याआधीच्या पायऱ्यांवर बरेच काही निश्चितपणे करता येते. क्यूबाची राजधानी हवाना येथे मेदजन्य दाह असलेल्या २९३ रुग्णांना वर्षभर नियमित आहार व व्यायाम यांवर ठेवण्यात आले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन दहा टक्के वा त्याहून अधिक घटले, त्यांपैकी ९० टक्के रुग्णांचा दाह मिटला आणि ४५ टक्के रुग्णांच्या यकृतातील चट्टेही कमी झाले. एवढे वजन घटविणारे मात्र दहांत एखादेच होते, हेही सांगितले पाहिजे. पाच-सात टक्के घट झाली तरी मेद उतरतो. ज्याचे वजन ऐंशी किलो आहे, त्याच्या बाबतीत ही घट चार ते साडेपाच किलोंची होते. सडपातळ व्यक्तींनी मात्र उपासमार न करता वैद्यकीय सल्ल्यानेच चालावे.

यासाठी महागडा आहार लागत नाही. ताटातील भाताचा ढीग कमी करून वरण, उसळी व भाज्या वाढवाव्यात. चहातील साखर, बाटलीबंद गोड पेये, तळलेले पदार्थ व बेकरीतील जिन्नस आवरावेत. ट्रॅक्टर व दुचाकी आल्यापासून शेतकऱ्याचेही अंगमेहनतीचे काम घटले आहे. तेव्हा रोज अर्धा तास झपाझप चालण्याचा नेम ठेवावा. मद्य वर्ज्य करावे. यकृत साफ करून देतो म्हणणाऱ्यांची अनोळखी चूर्णे व काढे घेऊ नयेत, कारण त्यांतील काही द्रव्ये यकृतालाच घातक ठरतात. बुरशी आलेले भुईमुगाचे दाणे व मका खाऊ नये. त्या बुरशीतील विष यकृताच्या कर्करोगास कारणीभूत होते.

मेदावरील औषधेही आता निघू लागली आहेत. चट्टे पडलेल्या मेदजन्य यकृतदाहासाठी २०२४ साली रेस्मेटिरॉम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड या औषधांस अमेरिकेत मान्यता मिळाली. तरीही आहार व व्यायाम यांचे स्थान त्यांनी घेतलेले नाही.

विषाणूंच्या बाबतीत तर आपली साधने अधिकच भक्कम आहेत. हिपॅटायटिस बी ची लस २०११ पासून देशभरातील बालकांच्या लसीकरणात समाविष्ट असून तिची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात विषाणूजन्य यकृतदाहाची तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. हिपॅटायटिस सी तर गोळ्यांच्या बहुधा तीन महिन्यांच्या उपचाराने बरा होतो.

मेदयुक्त यकृताचा समावेश भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. मधुमेह व रक्तदाब यांच्या तपासणीस येणाऱ्या व्यक्तीच्या यकृताचाही विचार त्याच वेळी व्हावा, हा त्यामागील हेतू आहे. त्यासाठी मोठे यंत्र लागतेच असे नाही. रुग्णाचे वय, रक्तातील एएसटी व एएलटी ही यकृताची दोन एन्झाइमे आणि बिंबाणूंची संख्या, या चार आकड्यांवरून फिब-४ नावाचा निर्देशांक काढता येतो. पासष्ट वर्षांखालील प्रौढ व्यक्तीत तो १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर चट्टे असण्याची शक्यता अल्प असते. अधिक असल्यास पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी मधुमेही रुग्णांच्या नोंदवहीत या निर्देशांकासाठी एक रकाना ठेवावा. शिक्षकांनी मुलांच्या डब्यातील गोड व तळलेल्या पदार्थांकडे लक्ष द्यावे आणि खेळाचा तास इतर विषयांना देऊ नये. ग्रामस्थांनी त्रास होईपर्यंत थांबू नये. कमरेचा घेर वाढला असेल, मधुमेह असेल किंवा घरात यकृताच्या रोगाचा इतिहास असेल, तर वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. लाखो रुपयांच्या औषधाचा गुण येईल की नाही, हे ज्या यकृताच्या स्थितीवर अवलंबून राहू शकते, त्या यकृताची निगा रोजच्या ताटापासून व पायी चालण्यापासून सुरू होते.