सायकलची जोडमूठ

प्रस्तावना

रोजच्या वापरातल्या वस्तूंकडे आपण सहसा नीट पाहत नाही. सायकल ही अशीच एक वस्तू आहे. शेतावर, कारखान्यात, बाजारात, दुधाच्या किंवा वर्तमानपत्रांच्या फेरीवर असंख्य माणसे सायकलने जातात. लांबच्या फेरीनंतर हाताला मुंग्या येतात, करंगळी बधिर होते. पण ‘सायकल म्हटली की हे चालायचेच’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. प्रस्तुत पाठात सायकलच्या हँडलला लावता येणाऱ्या एका लहानशा साधनाची माहिती दिली आहे. त्या निमित्ताने अवजार आणि माणसाचा हात यांच्या नात्याचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सायकल चालवताना हात बधिर का होतो, ते सांगता येईल;
• जोडमुठीची रचना आणि उपयोग स्पष्ट करता येतील;
• ती वापरताना घ्यायची काळजी सांगता येईल;
• ‘मूठ’ या शब्दाची सामान्यरूपे व त्यावर आधारित वाक्प्रचार योग्य प्रकारे वापरता येतील.

मूळ पाठ

म्हैसूर म्हटले, की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदन आणि रेशीम डोळ्यांपुढे उभे राहते. या शहराच्या कडेला चामुंडी टेकडी आहे. तिचा माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच असून शहरापासून तो सुमारे ३०० मीटर वर आहे. देवीच्या दर्शनाला जाणारे अनेक भाविक सुमारे एक हजार पायऱ्या चढून वर जातात. वाहनांसाठी वळणावळणाची डांबरी सडक आहे. पहाटेच्या थंड वेळी या सडकेवर सायकलस्वारही दिसतात.

चढ तीव्र झाला, की सायकलस्वार सीटवरून उठतो, अंग पुढे झोकतो आणि एकेका पायडलवर शरीराचा भार देतो. अशा वेळी पायांकडे सर्वांचेच लक्ष जाते. आपण मात्र त्याच्या हातांकडे पाहू. पाय जोराने खाली दाबतात, तेव्हा हातही हँडल स्वतःकडे ओढत असतात. काही सायकलींच्या सरळ हँडलच्या दोन्ही टोकांना, बैलाच्या शिंगांप्रमाणे पुढे आलेले, वीतभरापेक्षा आखूड असे दोन दांडे असतात. चढावर सायकलस्वार हे दांडे धरतो. त्यामुळे शरीराचा भार पुढे सरकतो, पुढचे चाक उचलले जात नाही आणि हातांना ओढण्यासाठी चांगली पकड मिळते. या दांड्यांना सायकलस्वार ‘बार एंड’ म्हणतात. या पाठात आपण त्यांना ‘जोडमूठ’ म्हणू. कारण मूळच्या मुठीला जोडलेली ही आणखी एक मूठ आहे.

जोडमुठीचा उपयोग केवळ चढापुरता नाही. तो समजण्यासाठी आपल्याच हाताची रचना थोडी पाहिली पाहिजे. कोपर भिंतीवर आपटले, की झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत जातात, हा अनुभव सर्वांना आहे. त्या झिणझिण्या ‘अल्नर’ नावाच्या मज्जातंतूमुळे येतात. हा मज्जातंतू कोपराच्या मागून खाली उतरतो आणि करंगळीच्या बाजूने तळहाताच्या बुडाशी असलेल्या एका अरुंद वाटेने हातात शिरतो. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडील बाजू यांना संवेदना देण्याचे काम त्याचे आहे. हाताचे अनेक लहान स्नायूही त्याच्याच आज्ञेने हलतात. सायकल चालवताना शरीराचा काही भार नेमका तळहाताच्या या भागावर पडतो. त्यात रस्त्याच्या खाचखळग्यांचे धक्के मिळतात. तासन्‌तास तोच दाब राहिला, की आधी मुंग्या येतात, मग बोटे बधिर होतात आणि दुर्लक्ष केल्यास पकडही दुबळी होऊ शकते.

दुसरे कारण मनगटाच्या ठेवणीत आहे. सरळ हँडल धरताना तळहात खाली वळतो. त्या वेळी कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांवर तिरपी येतात. पाण्याचा पेला धरतो तसा हात धरला, अंगठा वर आणि तळहात आतल्या बाजूला, तर ही हाडे जवळजवळ समांतर राहतात आणि हाताला पीळ पडत नाही. जोडमूठ धरताना हात असाच राहतो. मात्र एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोणतीही ठेवण कितीही सुखाची असली, तरी ती सतत राखली तर हात अवघडतोच. जोडमुठीचा खरा लाभ हा, की तिच्यामुळे हाताला जागा बदलण्याची सोय होते.

हाताला नीट आधार देण्याची ही खटपट सायकलच्या जन्माइतकीच जुनी आहे. जर्मनीतील कार्ल ड्राइस यांनी १२ जून १८१७ रोजी मानहाइम येथे आपले दुचाकी यंत्र चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते. जमिनीवर पाय मारत ते पुढे न्यावे लागे. परंतु त्या यंत्रावरही स्वाराच्या हातांना टेकण्यासाठी मऊ गादी लावलेली एक फळी होती. पुढे सायकल बदलत गेली, तसतशी हँडलेही बदलली.

१९८९ साली फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीत एका जादा मुठीने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. शर्यतीचा अखेरचा टप्पा २३ जुलै रोजी व्हर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरचा होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. लेमाँडने हँडलवर पुढे झेपावणारी एक जादा जोडणी बसवली होती. तिच्यावर हात टेकून, अंग आवळून तो सायकल चालवत होता, त्यामुळे त्याला वाऱ्याचा विरोध कमी झाला. तीन आठवडे चाललेली ती शर्यत त्याने अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. विजयाचे सारे श्रेय त्या जोडणीला देता येणार नाही. पण हात कोठे ठेवला आहे, ही गोष्ट क्षुल्लक नाही, हे त्या दिवशी सर्वांना पटले. पुढे १९९० च्या दशकात डोंगरी सायकलींवर जोडमुठी सर्रास दिसू लागल्या. कालांतराने रुंद हँडलांची पद्धत आली आणि त्यांचा वापर घटला. तरी लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये त्या टिकून आहेत.

शर्यतीतला स्वार आपल्या अंगाला बेतून सायकल घडवून घेतो. आपल्या घरातली जुनी अवजारेही एके काळी अशीच घडत. जात्याचा खुंटा उंच ठेवत, म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोघींना, एकीचा हात वर तर दुसरीचा खाली, असा तो धरता येई. गावातला सुतार नांगराचे रुमणे किंवा खुरप्याची मूठ ज्याच्यासाठी करायची तो माणूस ओळखत असे. कारखान्यात मात्र हजारो वस्तू एकाच मापाने तयार होतात. त्या स्वस्त मिळतात, हा मोठा लाभ आहे; पण कारखान्याला आपला हात ठाऊक नसतो.

ही अडचण म्हैसूरमध्येच सुरू झालेल्या एका उपक्रमाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जून २०१७ मध्ये तेथे ‘ट्रिन ट्रिन’ नावाची सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात ४५० सायकली होत्या. एका थांब्यावरून सायकल घ्यावी आणि दुसऱ्या थांब्यावर ठेवून द्यावी, अशी ती व्यवस्था होती. अशा योजनेत एकच सायकल सकाळी विद्यार्थिनीच्या, दुपारी कामगाराच्या आणि सायंकाळी निवृत्त गृहस्थाच्या हाती जाते. सार्वजनिक सायकलींची सीट सामान्यतः खाली-वर करता येते. मुठींची दिशा मात्र सर्वांसाठी एकच असते. उंची निरनिराळी असते हे आपण मान्य केले आहे. हातही निरनिराळे असतात, हे मान्य करायचे अजून राहिले आहे.

म्हणूनच जोडमुठीचा महत्त्वाचा गुण म्हणजे ती जुळवून घेता येते. तिच्या बुडाशी एक कडे असते. ते हँडलच्या नळीवर बसते आणि बोल्टने आवळले जाते. बहुतेक हँडलांच्या मुठीजवळचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो. त्यामुळे एका सायकलची जोडमूठ दुसरीला सहसा बसते. बोल्ट सैल करून ती पुढे-मागे फिरवावी आणि सीटवर बसून पाहावी. मनगट वर किंवा खाली न मुडपता हात सरळ रेषेत राहील, तो कोन आपला. सुरुवातीला जोडमूठ जमिनीला समांतर किंवा किंचित वर ठेवावी आणि दोन-चार दिवसांच्या अनुभवानंतर थोडी फिरवावी. काही जोडमुठींना सांधा असतो. त्यामुळे त्यांचा आत-बाहेरचा कलही बदलता येतो.

ती बसवताना काही काळजी घ्यावी लागते. बोल्ट आवळल्यावर, सायकल उभी असतानाच, जोडमुठीवर अंगाचा भार देऊन ती फिरत नाही ना, ते पाहावे. चालत्या सायकलवर ती फिरली तर स्वार तोंडावर पडेल. पातळ नळीच्या हलक्या हँडलवर अति आवळल्यास हँडल चेपते. म्हणून ते अशा जोडणीला योग्य आहे की नाही, हे दुकानात विचारून घ्यावे. दांड्याच्या टोकाला टोपण असलेच पाहिजे. उघडी नळी पडताना शरीरात घुसू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोडमुठीपाशी ब्रेक नसतो. चामुंडीच्या चढावर हात जोडमुठीवर असतील, परंतु त्याच टेकडीवरून उतरताना ते ब्रेकपाशीच हवेत. गर्दीच्या रस्त्यावरही हाच नियम पाळावा.

ज्यांना जोडमूठ घेता येत नाही, त्यांनाही पुष्कळ काही करता येते. सीट पुढच्या बाजूला झुकली असेल, तर अंग घसरून सारा भार हातांवर येतो; ती सपाट करून घ्यावी. हँडल फार खाली असेल, तर मर्यादेत राहून वर घ्यावे. कडक झालेल्या मुठीवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची आपल्याकडील युक्ती चांगली आहे. पिशव्या आणि कॅन हँडलला न अडकवता कॅरिअरवर बांधावेत. वाटेत अधूनमधून एकेक हात सैल सोडून बोटे हलवावीत. एवढे करूनही बधिरपणा काही दिवस राहिला किंवा बोटांतली शक्ती कमी वाटली, तर डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नये.

कष्ट करणाऱ्या माणसाला दुखणे अंगावर काढण्याची सवय असते. अवजार टोचले, तर आपलाच हात नाजूक, असे त्याला वाटते. जोडमूठ ही अगदी लहान वस्तू आहे. पण ती उलट बाजूने विचार करायला शिकवते. हात ज्याच्या त्याला मिळालेला आहे, तो बदलता येत नाही. मूठ मात्र बदलता येते. म्हणून हाताने मुठीशी नव्हे, तर मुठीने हाताशी जुळवून घेतले पाहिजे. ज्याचे पोट हातावर आहे, त्याने तर हा आग्रह धरलाच पाहिजे.

शब्दार्थ

मज्जातंतू – शरीरातील संवेदना व आज्ञा वाहून नेणारा तंतू
अनामिका – करंगळीशेजारचे बोट
रुमणे – नांगर धरण्याचा उभा दांडा
खुंटा – जाते फिरवण्यासाठी बसवलेला लाकडी दांडा
क्षुल्लक – अगदी किरकोळ
अंगावर काढणे – उपचार न करता दुखणे सोसणे
हातावर पोट असणे – रोजच्या कष्टावर उपजीविका असणे

भाषाभ्यास

१. ‘मूठ’ या शब्दाला प्रत्यय लागताना दीर्घ ‘ऊ’ ऱ्हस्व होतो : मूठ – मुठीला, मुठीने, मुठीत. याचप्रमाणे ‘दूध – दुधाला’, ‘फूल – फुलाने’, ‘ऊस – उसाचा’ ही रूपे होतात. पाठातून ‘मूठ’ या शब्दाची अशी तीन रूपे शोधून लिहा.

२. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ पाहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
जीव मुठीत धरणे – अत्यंत भीतीच्या स्थितीत असणे
मुठीत ठेवणे – पूर्ण ताब्यात ठेवणे
मूठमाती देणे – कायमचे संपवणे

३. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीतील ‘मूठ’ आणि पाठातील ‘मूठ’ यांच्या अर्थांतील फरक सांगा.

स्वाध्याय

१. कोपर आपटल्यावर येणाऱ्या झिणझिण्या आणि सायकल चालवताना बधिर होणारी करंगळी यांचा संबंध चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
२. चढावर उपयोगी पडणारी जोडमूठ उतारावर का धरू नये?
३. ‘कारखान्याला आपला हात ठाऊक नसतो’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. जोडमूठ नसतानाही हातांवरील भार कमी करण्याचे कोणतेही तीन उपाय सांगा.
५. उपक्रम : तुम्ही रोज वापरत असलेले एखादे अवजार निवडा. ते हाताला कोठे टोचते, का टोचते आणि त्याची मूठ कशी बदलता येईल, हे दहा-बारा ओळींत लिहा. शक्य असल्यास तो बदल करून पाहा.